मधली जागा

घाटमाथ्यावरच्या एका लहान गावात रंगनाथ नावाचा माणूस राहत असे. त्याच्याकडे एक जुनी पिकअप गाडी होती. गावातला घेवडा हौद्यात भरायचा, घाट उतरायचा आणि तालुक्याच्या बाजारात पोहोचवायचा, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता. देवळात नियमाने जात असे. त्याच्यात एकच उणेपण होते. लोकांनी आपल्याला वाईट म्हणू नये, याची त्याला फार काळजी असे. आपण वाईट वागू नये, याची काळजी त्याहून थोडी कमी.

गाडी त्याच्या वडिलांनी, तात्याबांनी, घेतलेली होती. त्याआधी गावाला रस्ता नव्हता. सरकारी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी, फाट्यापर्यंत येऊन थांबला होता. पुढचा चढ गावाने स्वतः फोडला. घरटी एक माणूस रोज पहार घेऊन आला. शेवटच्या वळणावर काळा कातळ आडवा होता. तो लिंबाजी पाथरवटाने दोन महिने छिन्नी चालवून कापला. रस्ता झाला, मग गाडी आली.

गाडी आली त्या दिवशी सारे गाव भैरवनाथाच्या देवळापुढे जमले. तात्याबांनी देवासमोर बेलभंडारा उचलला आणि शब्द दिला.

"गाडी माझी आहे, पण रस्ता गावाचा आहे. पुढे तिघे बसतात. एक मी, एक मालाचा धनी. मधली जागा अडलेल्याची. ती मी कोणाला नाकारणार नाही. माझ्यामागे माझा मुलगा नाकारणार नाही."

रंगनाथ तेव्हा वीस वर्षांचा होता. तो वडिलांशेजारी उभा होता. त्यानेही भंडाऱ्याला हात लावला होता.

गाडीची पुढची सीट एकसंध होती. या दारापासून त्या दारापर्यंत बाकासारखी सलग. तिच्या मधल्या जागेवर वीस वर्षांत गावातले कोण बसले नाही? बाळंतपणाला निघालेल्या लेकी बसल्या. ताप चढलेली मुले बसली. कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे बसले. तात्याबा वारले, तरी रंगनाथाने हा नियम चालवला. पुष्कळ वर्षे चालवला.

मग दोन गोष्टी एका वर्षात घडल्या.

पहिली गोष्ट अशी की, लिंबाजी पाथरवटाच्या तळपायाला जखम झाली. त्याला मधुमेह होता. जखम भरेना. डॉक्टरांनी बजावले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पट्टी बदलायला यायचे. पाऊल जमिनीला टेकवायचे नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. नेम पाळला तर पाऊल राहील, चुकला तर राहणार नाही.

मंगळवार आणि शुक्रवार हे बाजाराचे दिवस होते. रंगनाथाची गाडी त्या दिवशी खाली जातच असे. तो देवळापुढे, लिंबाजीच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करी. लिंबाजी काठीवर, एका पायाने तिथवर येई आणि मधल्या जागेवर बसे. गोणपाटाची घडी करून तिच्यावर पाय ठेवी.

दुसरी गोष्ट अशी की, शहरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने गावाचा घेवडा घ्यायला सुरुवात केली. माल निवडून घेण्यासाठी त्याने पोतनीस नावाचे एक गृहस्थ पाठवले. हंगामात ते गावातच मुक्कामाला असत आणि मालाबरोबर गाडीतून खाली जात. पांढरा सदरा, बोलणे कमी. ते खिडकीपाशी बसत.

लिंबाजीला गप्प बसणे ठाऊक नव्हते.

"रंग्या, ब्रेक हळू. हा पाय आहे, घेवड्याचं क्रेट नाही."

"हो काका."

"साहेब, हा लहानपणी माझ्या छिन्नीच्या आवाजाला भिऊन देवळाच्या खांबामागं लपायचा. नाकातोंडाला शेंबूड. आज घाट कसा उतरतो बघा."

 पोतनीसांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

रंगनाथाने ते आरशात पाहिले. गाडीत मलमाचा वास होता. जखमेचाही होता. त्याचे कान तापले. त्याला लिंबाजीची लाज वाटली. त्याच्या बोलण्याची, त्याच्या पायाची, गोणपाटाची. ज्याची लाज वाटायला नको, त्याची लाज वाटली. इथेच त्याचे पाऊल घसरले. पुढचे सारे यातूनच झाले.

दर फेरीला पोतनीस रुमाल काढीत आणि दर फेरीला रंगनाथ आरशात पाही. साहेबांना हे आवडत नाही, असे त्याने ठरवून टाकले. साहेबांना त्याने विचारले नाही. लिंबाजीला नको म्हणावे, असे त्याच्या मनात आले. पण नको म्हटले तर शब्द मोडला असे गाव म्हणेल. त्याने असा मार्ग शोधला की नाही म्हणावेही लागू नये आणि जागा द्यावीही लागू नये.

तालुक्याला हसनभाई नावाचा एक सीट शिवणारा होता. गाड्यांच्या सीट तो बदलूनही देई. त्याच्या दुकानापुढे एका मोडीत निघालेल्या मोटारीच्या दोन बकेट सीट पडल्या होत्या. सुट्या, खोलगट, एकेका माणसाच्या मापाच्या. रंगनाथ एका शनिवारी एकटाच गाडी घेऊन तिथे गेला.

"ही सलग सीट काढा. या दोन बसवा," तो म्हणाला.

हसनभाईने दार उघडले. सीटवर हाताने दाबून पाहिले.

"चांगली आहे की. काढता कशाला?"

"पाठ दुखते. स्प्रिंग गेल्या आहेत."

हसनभाईने पुन्हा हात फिरवला. चालकाच्या बाजूला दाबले, मग मधे दाबले.

"तुमच्या बाजूच्या स्प्रिंग धड आहेत, शेठ. बसलीय ती मधे."

रंगनाथाने नजर बकेट सीटकडे वळवली.

"काम सांगितलंत, करतो," हसनभाई म्हणाला. "कारण सांगायची गरज नव्हती."

वीस वर्षांचे गंजलेले बोल्ट सुटेनात. ते कापावे लागले. सलग सीटची भोके सुट्या सीटना जुळेनात. गाडीच्या तळाला नवी भोके पाडावी लागली, खाली पट्टी वेल्डिंग करावी लागली. संध्याकाळपर्यंत दोन्ही सीट बसल्या. त्यांच्यामधे वीतभर फट राहिली. त्या फटीत रंगनाथाने एक पत्र्याची पेटी बोल्ट मारून पक्की करून घेतली. कागद ठेवायला म्हणून.

हसनभाईने विचारले, "पेटी अशी पक्की कशाला? उचलून ठेवता आली असती."

"हलायला नको," रंगनाथ म्हणाला.

परत येताना त्याने मनाशी हिशेब जुळवला. बापाने मधली जागा देण्याचा शब्द दिला होता. मधली जागाच आता उरलेली नाही. नसलेली जागा कोणी कोणाला कशी नाकारील? मग शब्द मोडला कुठे? हा हिशेब त्याला बिनचूक वाटला. मात्र देवळावरून जाताना तो रोज स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कार करी, तो त्या दिवशी केला नाही. रस्त्यावर खड्डा आहे, असे त्याने स्वतःला सांगितले. तिथे खड्डा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पारावरच्या मंडळींनी गाडी पाहिली. त्यांत श्रीपती म्हणून एक शेतकरी होता. तोंडाचा फटकळ, मनाचा सरळ.

"दोन सिंहासनं आणलीस की रे," श्रीपती म्हणाला. "एकावर राजा, एकावर प्रधान. आणि प्रजा कुठं बसायची? टपावर?"

सगळे हसले. रंगनाथाने मान खाली घातली आणि कमरेवर हात ठेवला.

"पाठ धरते, श्रीपतीदादा. डॉक्टरनं सांगितलं, त्या सीटवर बसलास तर अंथरूण धरशील. मला काय हौस आहे?"

हसणे थांबले. श्रीपती उठून उभा राहिला.

"आम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. चुकीचं बोललो. मनावर घेऊ नको."

खोटे बोलणाऱ्याची क्षमा खऱ्या माणसाने मागितली. रंगनाथाने ती मागू दिली.

मंगळवारी सकाळी त्याने लिंबाजीच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि तो खाली उतरला. पोतनीस आत बसलेच होते. लिंबाजी काठीवर, एका पायावर उभा होता. त्याने आत पाहिले. दोन सीट पाहिल्या, मधली पेटी पाहिली. मग रंगनाथाकडे पाहिले.

"बरं," तो म्हणाला. "मागं बसतो."

हौद्यात क्रेटच्या रांगांत त्याने अंग चोरले. घाटात बावीस वळणे आहेत. दवाखान्यात पोहोचला तेव्हा पट्टी रक्ताने भिजली होती. नर्स रागावली. पुन्हा असे आलात तर येण्याचा उपयोग नाही, म्हणाली.

शुक्रवारी लिंबाजी गाडीत बसला नाही. गावातल्या दोघांनी त्याला घोंगडीत घालून फाट्यापर्यंत उतरवले आणि तिथून तो एसटीने गेला. पुढच्या आठवड्यात माणसे मिळाली नाहीत. भाताची कापणी चालू होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकच फेरी झाली. असा नेम ढळत गेला.

लिंबाजीची बायको अनसूया. तिला सारे गाव अनसूयाकाकी म्हणे. कोणी सांगितलेले ती खरे मानी. जन्मभर तिने तसेच केले होते आणि त्यात तिचे काही बिघडले नव्हते. रंगनाथाची पाठ दुखते, हे ऐकल्यावर ती निरगुडीचा पाला घालून तेल कढवून घेऊन त्याच्या घरी आली.

"सदरा काढ. पालथा पड."

"काकी, नको. तुम्ही कशाला?"

"गप. तुझी आई असती तर तिला नको म्हणाला असतास का? यांच्या पायाला वर्षभर करतेय. हात बसलाय माझा."

रंगनाथ पालथा पडला. त्याची पाठ रुंद होती, निरोगी होती. तिच्यात कसलीही कळ नव्हती. अनसूयाकाकीने कोमट तेल घेतले आणि मणक्यापासून खांद्यापर्यंत चोळत राहिली. म्हाताऱ्या हाताची हाडे त्याला लागत होती.

"इथं दुखतं?"

"हो."

"इथं?"

"हो, काकी."

"फार ताठलीय रे. किती सोसलंस. आधी बोलायचं नाही का?"

त्याने तोंड उशीत खुपसले. त्याला वाटले, आत्ता सांगावे.  पण तेलाचा हात फिरत होता आणि तो हात थांबवण्याचे धैर्य त्याला झाले नाही. ज्या बाईच्या नवऱ्याची जागा त्याने काढून टाकली, ती बाई त्याच्या धडधाकट पाठीला मालिश करीत होती. माणसाने जिवंतपणी याहून मोठी शिक्षा भोगली नसेल. आणि ती त्याने मुकाट्याने भोगली, कारण खरे बोलणे त्याला त्या शिक्षेहून कठीण वाटले.

ती दर रविवारी येऊ लागली. त्याच दिवशी ती अनवाणी देवळाला पाच प्रदक्षिणा घाली. हे त्याला श्रीपतीकडून कळले.

"लिंबाकाकाच्या पायासाठी घालत असेल," रंगनाथ म्हणाला.

"तीन त्याच्या पायासाठी," श्रीपती म्हणाला. "दोन तुझ्या पाठीसाठी. पुजाऱ्यानं विचारलं, तेव्हा सांगितलं तिनं."

गावही मागे राहिले नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे चारपाच जण त्याच्या दारात हजर होत. क्रेट तेच चढवीत, तेच रचीत. रंगनाथाने एखादे उचलायला हात घातला की कोणीतरी तो बाजूला सारी.

"तू वाकू नको. तू फक्त चाक धर."

"अरे, नवरदेव आहे तो. हळद लागलीय, कामाला लावू नका."

सगळे हसत. रंगनाथही हसे. मग तो आपल्या खोलगट सीटवर जाऊन बसे आणि कोणाची नजर पडू नये म्हणून समोरची काच पुसत राही. काच स्वच्छच असे.

असे तीन महिने गेले. खोटे बोलताना त्याला वाटले होते की एकदा बोलून सुटू. पण ते दर दिवशी पुन्हा बोलावे लागत होते. उतरताना कण्हावे लागत होते. वाकताना थांबावे लागत होते. गावाने दिलेली प्रत्येक मदत त्याच्या अंगावर विंचवासारखी चढत होती. तरी तो बोलला नाही.

एका शुक्रवारी सकाळी माल भरून झाला होता. पोतनीस खिडकीपाशी बसले होते. रंगनाथ गाडी सुरू करणार, तेवढ्यात अनसूयाकाकी रस्त्यावर आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता.

"यांना शुद्ध नाही. अंग भाजतंय. पाय काळा पडलाय."

श्रीपती आणि बाकीचे धावले. त्यांनी लिंबाजीला घोंगडीतून उचलून आणले. पोतनीस ताबडतोब खाली उतरले. लिंबाजीला त्यांच्या सीटवर बसवले, पण त्याला बसवेना. मान एका अंगाला पडे, पाय खाली लोंबे.

"आडवं घाला," श्रीपती म्हणाला. "पाय वर पाहिजे."

"कुठं घालू?" दुसरा म्हणाला. "मधे पेटी आहे."

सलग सीट असती तर माणूस तिच्यावर निजला असता. डोके अनसूयाकाकीच्या मांडीवर राहिले असते. हे कोणी बोलले नाही. कोणाच्या मनातही आले नसेल. रंगनाथाच्या मनात आले. त्याने पेटीला धरून हिसका दिला. पेटी हलली नाही. हलू नये अशीच ती त्याने करून घेतली होती.

शेवटी क्रेट खाली काढले. हौद्यात गोणपाटे अंथरली. लिंबाजीला त्यांवर निजवले. एका बाजूला अनसूयाकाकी, एका बाजूला श्रीपती. पोतनीसही हौद्यात चढले. त्यांनी तो काळा पाय दोन्ही हातांनी उचलून धरला आणि आपल्या पांढऱ्या सदऱ्याशी टेकवला.

"चला," ते म्हणाले.

रंगनाथ पुढे एकटा बसला. बावीस वळणे त्याने एकट्याने उतरली. शेजारची सीट रिकामी होती.

दवाखान्यात रंगनाथ आणि श्रीपतीने लिंबाजीला उचलून आत नेले. बाहेरच्या व्हरांड्यात पोतनीस हात धूत होते. रंगनाथ त्यांच्याजवळ गेला.

"साहेब, तुमचे कपडे खराब झाले."

"कपडे धुता येतात. यांना पूर्वी मधे बसवत होता, ते बंद का केलंत? सीटचं राहू द्या, तुमची पाठ दुखते. पण मला सांगायचं. मी मागं बसलो असतो, ते माझ्या जागेवर बसले असते."

रंगनाथ जमिनीकडे पाहून म्हणाला, "तुम्ही नाकाला रुमाल लावत होता."

पोतनीसांनी ओल्या हाताने खिशातून रुमाल काढला.

"मला घाट लागतो," ते म्हणाले. "लहानपणापासून. रुमालाला लिंबाची साल असते, ती हुंगली की मळमळत नाही. मागं वाऱ्यावर बसलो असतो तर मला बरंच वाटलं असतं."

ते गेले. रंगनाथ तिथेच उभा राहिला. ज्या माणसासाठी त्याने हे केले, त्या माणसाने ते मागितलेच नव्हते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला होता. पाऊल वाचले नव्हते. घोट्याच्या वरून कापावे लागले.

तिसऱ्या दिवशी लिंबाजीला बोलण्याइतकी शुद्ध आली. रंगनाथ खाटेजवळ गेला. अनसूयाकाकी औषध आणायला गेली होती. चादरीखाली एका पावलाची उंची होती, दुसऱ्या पावलाच्या जागी चादर सपाट होती.

"काका, माझी पाठ दुखत नव्हती."

लिंबाजी छताकडे पाहत होता.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पाठ दुखणारा माणूस गाडीतून उडी मारून उतरत नाही. त्या मंगळवारी माझ्या गल्लीपाशी तू उडी मारून उतरलास. मग कण्हलास."

"मग बोलला का नाहीत? गावाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तात्याबाच्या पोरानं भंडाऱ्याचा शब्द मोडला, हे सांगू? तो शब्द मीही ऐकलाय. दगड फोडून हात फाटले होते तेव्हा." तो थांबला. त्याला धाप लागली होती. "तू माझ्याकडं बघत नव्हतास. म्हटलं, याला लाज वाटतेय. लाज आहे तर येईल परत. आज नाही उद्या येईल." त्याने मान वळवून रंगनाथाकडे पाहिले. "आलास. थोडा उशीर केलास."

रंगनाथाने खाटेच्या दांडीवर डोके टेकवले.

"काकींना तुम्ही सांगाल?"

"मी नाही सांगणार," लिंबाजी म्हणाला. "तेल तिनं लावलंय. तूच सांग."

अनसूयाकाकी औषध घेऊन व्हरांड्यात आली. रंगनाथ पुढे झाला. त्याला पाहून ती आधी म्हणाली, "तुझी पाठ कशी आहे? परवा एवढं उचललंस यांना. कळ गेली असेल."

त्याने सांगितले. काही वगळले नाही. रुमाल सांगितला, सीट सांगितली, पेटी सांगितली. एक-दोन नव्हे, बारा रविवार आपण तिच्या हाताखाली खोटे पडून राहिलो, तेही सांगितले.

ती ऐकत होती.  ऐकून झाल्यावर तिने आपले दोन्ही तळहात समोर धरून पाहिले. जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. मग ते पदराला पुसले.

"पाठ धड आहे?" तिने विचारले.

"धड आहे."

"नक्की?"

"नक्की, काकी."

"मग पुढच्या सोमवारी यांना घरी सोडणार आहेत," ती म्हणाली. "आमची गल्ली अरुंद आहे. गाडी अंगणात येत नाही, देवळापाशीच थांबते, आणि आता यांना काठीनंही येणं नाही. यांना उचलायला धड पाठीचा माणूस लागेल. तू ये."

तिने क्षमा केली की नाही, हे ती बोलली नाही. त्यानेही विचारले नाही.

त्या सोमवारी गाडी गावात आली. लिंबाजीला पाहायला लोक देवळापुढे जमले होते. पहाटे उठून क्रेट चढवणारे सगळे त्यांत होते. श्रीपती पुढे झाला.

"थांब रंगा, तू वाकू नको. आम्ही घेतो."

"नको, दादा," रंगनाथ म्हणाला.

तो लिंबाजीपुढे पाठ करून खाली बसला. लिंबाजीने त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. रंगनाथ उठला. एका दमात उठला. पूर्ण वाढीचा माणूस त्याच्या पाठीवर होता आणि ती पाठ ताठ होती. कमरेत लचक नव्हती, पावलात अडखळ नव्हती.

कोणाला काही सांगावे लागले नाही. श्रीपतीचे हात पुढे आले होते, ते त्याने हळूच मागे घेतले. कोणी शिवी दिली नाही. कोणी टोमणा मारला नाही. वाट करून देण्यासाठी माणसे दोन्ही बाजूंना सरली, एवढेच. रंगनाथ त्यांच्यामधून चालू लागला. त्याची मान छातीला टेकली होती. देवळापासून लिंबाजीचे घर शंभर पावलांवर आहे. त्या दिवशी ते फार लांब होते.

निम्म्या वाटेवर त्याच्या कानापाशी लिंबाजी बोलला.

"मान वर कर, रंग्या. खाली बघून चाललास तर धोंडा दिसेल, वाट दिसणार नाही. ठेचकाळशील, आणि पडेन मी."

रंगनाथाने मान वर केली. गाव पाहत होते. तो चालत राहिला.

तात्पर्य: तोंडाने नकार देण्याची लाज वाटते म्हणून जो नकाराचे काम वस्तूवर सोपवतो, त्याने शब्द मोडलेलाच असतो; लाज वाटली त्याच क्षणी तिचे ऐकावे, कारण उशिरा दिलेली कबुली खरी असली तरी गेलेले परत आणू शकत नाही.